उपरण्याखालची घोडी

लातुरात दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलीनं अकरावीला आर्ट्स घेतलं, तर लोक मुलीकडे बघतच नाहीत, आईबापाकडे बघतात. घरात कुणी आजारी आहे का, दुकान अडचणीत आहे का, असं हळू आवाजात विचारतात. शिवकन्यानं आर्ट्स घेतलं, आणि तेही अर्थशास्त्र शिकायचं म्हणून, तेव्हा शेजारचे पंचाक्षरी सर खरोखरच थर्मासमध्ये चहा भरून भेटायला आले होते. सरांनी उभा जन्म नीटच्या क्लासात फिजिक्स शिकवलं, आणि आता निवृत्त झाल्यावर उरलेलं फिजिक्स ते गल्लीतल्या माणसांवर वापरतात. त्यांनी शिवकन्याच्या अप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "महादेवप्पा, धीर सोडू नका. अजून वेळ गेलेली नाही."

वेळ गेलेली नाही हे अप्पांनाही पटलं. औसा रोडला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. माणूस व्यापारी, त्यामुळे लेकीला सरळ नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी अट घातली. नांदेडच्या एका कॉलेजनं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी निबंधवाचनाची स्पर्धा ठेवली होती. विषय असा: 'अर्थशास्त्राचा इतिहास आणि अभ्यासपद्धती : अलीकडचे संशोधन'. अप्पांनी तो विषय दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि यात कुणाचाच नंबर येणं शक्य नाही अशी खात्री पटल्यावर म्हणाले, "ह्यात कुठला का होईना, नंबर काढ. आर्ट्सचं नाव काढणार न्हाई. न्हाई निघाला, तर स्पर्धेनंतरच्या सोमवारपासून सायन्सचा क्लास."

शिवकन्या हो म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच हो म्हणायची. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करताना तिचा कोपर थरथरायचा, यंदा तो थेट छताकडे जायचा आणि उत्तर येत नसलं तरी खाली यायचा नाही.

आठवडाभर तिनं मोबाईलवर दिसेल ते वाचलं. अर्थशास्त्राचा इतिहास लिहिणारी मंडळी म्हणे आता जुन्या ग्रंथांमधले सिद्धांतच उगाळत बसत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ दिवसभर प्रत्यक्षात करतात काय, ते बघतात. आकडे कुठून आणतात, मॉडेल कशी जुळवतात, आणि मुख्य म्हणजे बाजाराकडे बघायला गेलेला माणूस बाजाराच्या बाहेर राहू शकतो का, की त्याच्या बघण्यानंच बाजार हलतो, यावर त्यांच्यात जोरात वाद चालू आहेत. हे सगळं वाचून शिवकन्याला जगभरच्या विद्वानांची थोडी कीव आली. इतकी शिकलेली माणसं, पण एकानंही उठून स्वतःचा हात बाजारात घातला नाही. ते काम लातूरवर येऊन पडलं होतं.

आता हात घालायचा तर किंमत जिथं जन्माला येते असा बाजार हवा. अप्पांच्या दुकानात किंमत पोत्यावर छापूनच येते, तिथं जन्म वगैरे काही नसतो. मग अप्पाच एकदा जेवताना बोलून गेले की कंधारकडच्या जनावरांच्या बाजारात अजून उपरण्याखाली सौदे होतात. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं धरून आकडा सांगतात. भोवती गर्दी असली तरी भाव फक्त दोन हातांना कळतो. "माझ्या वडलांचा हात उपरण्याखाली गेला," अप्पा म्हणाले, "की समोरच्याला थंडीत घाम फुटायचा." हे वाक्य ते बोलले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि या गोष्टीची सिंधुनं, म्हणजे शिवकन्याच्या आईनं, नंतर त्यांना वेळोवेळी आठवण करून दिली.

मुलीच्या जातीनं उपरण्याखाली हात घालणं शोभलं नसतं, म्हणून हात अप्पांचा आणि डोकं शिवकन्याचं असं ठरलं. निबंधाच्या कच्च्या मसुद्यात तिनं अप्पांचा उल्लेख 'साधन' असा केला होता. साधनाला सूचना स्पष्ट होत्या: दोन-चार वेळा बोटं धरायची, भाव कसा वरखाली होतो ते लक्षात ठेवायचं, नको म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा.

बाजारात नरसिंग नावाचा दलाल भेटला. त्याच्या हातात एका पांढऱ्या घोडीचा लगाम होता. वरातीची घोडी, नाव गुलछडी, कपाळावर अजून कुठल्यातरी लग्नाची टिकली चिकटलेली. अप्पांनी ऐटीत खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं, आणि आत काहीतरी सुरू झालं. वरून दिसत होतं ते इतकंच की उपरणं मधूनच उंदीर शिरल्यासारखं हलत होतं. नरसिंग आकाशाकडे बघत होता, अप्पा घोडीच्या कानाकडे. शिवकन्याच्या अंगावर काटा आला. ज्ञान तयार होताना ती प्रथमच बघत होती.

शेवटी अप्पांनी ठरल्याप्रमाणे मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "नको बाबा, जमायचं न्हाई."

इथं अप्पांच्या एका सवयीबद्दल सांगणं भाग आहे. दुकानात आलेला शेतकरी काही घेवो न घेवो, निघताना अप्पा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात, प्रेमानं दाबतात आणि 'या परत' म्हणतात. औसा रोडला त्यांचं खत कुणाच्या लक्षात नसेल, पण हे हात दाबणं सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षं तेच केल्यामुळे आता तो हात अप्पांना न विचारताच दाबतो. तोंड नको म्हणत असताना उपरण्याखाली त्यांनी नरसिंगचा हात प्रेमानं, आपुलकीनं, चांगला घट्ट दाबला.

नरसिंगनं उपरणं झटक्यात वर उडवलं आणि ओरडला, "झाला सौदा." कुणीतरी गुलाल टाकला. तो अप्पांच्या कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर बसला.

अप्पा म्हणाले, अहो मी तर नको म्हणालो. नरसिंग शांतपणे म्हणाला, "तोंडानं म्हणलाव, मालक. तोंडाचं इथं कोण ऐकायलंय? हात काय म्हणला ते सांगा."

खरं तर तिथंच हात जोडून मोकळं होता आलं असतं. पण गर्दीत अप्पांची तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातलं एक मोबाईलवर शूटिंग करत होतं. लातूरचा व्यापारी भर बाजारात शब्द फिरवतो, हे औसा रोडपर्यंत पोचायला घोडीही लागली नसती. अप्पांनी गुलाल पुसला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "घ्यायचीच होती. नको नको म्हणून घ्यायची रीत आहे आमच्याकडं."

संध्याकाळी सोमेशमामाच्या टेम्पोतून गुलछडी घरासमोर उतरली. सिंधु दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग घोडीकडे, आणि इतकंच म्हणाली, "तुम्ही दोघं अभ्यासाला गेला होताव." नंतर तिनं केवढ्याला पडली ते विचारलं. अप्पा पाय धूत होते. ते मान वर न करता म्हणाले, "उपरण्याखालचं उपरण्याखाली." घोडी पार्किंगमध्ये बांधली गेली आणि अप्पांची स्कूटर रस्त्यावर आली.

सकाळी घंटागाडी आली. घंटागाडीवर कचरा वेगळा करा असं एक ठेक्याचं गाणं लागतं, आणि गुलछडीला गाणं म्हणजे वरात एवढंच माहीत होतं. तिनं पुढचे पाय उचलले, मान वाकडी केली आणि नाचायला लागली. तिची समजूत अशी की गाणं थांबेपर्यंत नाचायचं, आणि घंटागाडीवाल्याची समजूत अशी की एवढा चांगला प्रतिसाद लातुरात दुसरीकडे कुठं मिळत नाही, म्हणून तो गाडी थांबवून राहिला. आसपासच्या घरांत भाड्यानं राहणारी नीटची पोरं गच्चीवर आली. पुढच्या दिवशी ती आधीच येऊन उभी होती. त्यानंतर एका पोराच्या वडिलांचा परभणीहून फोन आला की तुमच्या घोडीमुळे आमच्या मुलाची बायोलॉजीची उजळणी मागं पडायली आहे. अप्पांनी नम्रपणे सांगितलं की घोडी हीसुद्धा बायोलॉजीच आहे. ते वाक्य नंतर त्यांनाच आवडेनासं झालं.

सल्ल्यांचा तर पूर आला. कुणी म्हणालं हरभरा द्या, कुणी म्हणालं हरभरा दिलात तर मेली म्हणून समजा. पंचाक्षरी सरांनी तिच्या नाचण्याची वारंवारता मोजली आणि फरशी उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही असं लेखी दिलं. कुणीतरी परवानगी काढून ठेवा म्हटलं, म्हणून अप्पा एका कार्यालयात गेले, ज्याचं नाव घेऊन कुणाला दुखवण्यात अर्थ नाही. तिथल्या साहेबांनी कुत्र्याचा अर्ज दाखवला, म्हशीचा दाखवला, आणि घोडी भाड्यानं जाते म्हणजे वाहनात मोडते का असा प्रश्न स्वतःलाच विचारून ते जेवायला गेले. अप्पा बाकावर बसून राहिले. येणारा-जाणारा ओळखीचा निघत होता आणि विचारत होता, "काय अप्पा, घोडी काय म्हणते?" ज्या माणसाला दोन पिढ्या लोक पिकावरच्या किडीबद्दल विचारत आले, त्याला आता हे विचारत होते. अप्पांनी त्या आठवड्यात दुकानात कुणाचाही हात दाबला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं अप्पा रागावले.

आणि प्रत्येकाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: केवढ्याला? अप्पा सांगत नव्हते, म्हणून गल्लीनं आपापल्या बुद्धीनं किंमत काढली. पंचाक्षरी सर म्हणाले, घोडीला आजवर लागलेला चारा आणि वाढवणाऱ्याची मेहनत यांची बेरीज म्हणजे तिची किंमत, बाकी सगळं थोतांड. पलीकडच्या शांतम्मा मावशी म्हणाल्या, किंमत घोडीत नसतेच, नवरदेवाच्या हौसेत असते, लग्नसराईत बघा आणि आषाढात बघा. सिंधु म्हणाली, इथून हिला घेऊन जायला मी कुणाला जेवढं देईन तेवढी हिची किंमत, फक्त उलटी. गच्चीवरची पोरं म्हणाली, तिच्या नाचाची आम्ही टाकलेली रील किती लोकांनी बघितली त्यावरून काढा.

शिवकन्या हे सगळं ऐकत पायरीवर बसली होती आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मूल्य कष्टात असतं की हौसेत, यावर अर्थशास्त्राच्या इतिहासात जेवढी भांडणं झाली, तेवढी सगळी एका घोडीपायी तिच्या गल्लीत आठवड्याच्या आत होऊन गेली होती. वर अलीकडचं संशोधनही झालं होतं: बघायला गेलेलं साधन स्वतःच बाजारात घोडी विकत घेऊन बसलं होतं. ती धावत आत गेली आणि निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्याला नाव दिलं 'बघणाऱ्याचा हात'. त्यात फक्त एकच गोष्ट कमी होती, खरी किंमत. ती अप्पांच्या मागं मागं फिरली, पाय चेपले, चहा करून दिला. अप्पा म्हणाले, तुझ्या आईला कळलं तर माझा इतिहासच होईल. शेवटी निबंधात किमतीच्या जागी 'क्ष' आलं.

स्पर्धेच्या दिवशी सोमेशमामाच्या टेम्पोत पुढं तिघं आणि मागं गुलछडी असे सगळे निघाले. नांदेडला जाता जाता वाट वाकडी करून घोडी नरसिंगला परत करायची, असा अप्पांचा बेत होता. नरसिंग बाजाराच्या तोंडाशी चहा पीत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. परत घेतली तर लोक म्हणतील घोडीत खोड हाय, म्हणाला. अप्पांनी विचारलं, मग खोड नाही का? "हाय की," नरसिंग म्हणाला, "म्हणून तर इकली."

त्यामुळे गुलछडीही स्पर्धेला आली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये लिंबाच्या झाडाला तिला बांधलं, वॉचमननं वाहन क्रमांक विचारला, आणि ते सभागृहात जाऊन बसले.

बाकीच्या मुलांनी पडद्यावर चित्रं लावली आणि ती वाचून दाखवली. शिवकन्यानं काहीच लावलं नाही. ती बोलली. उपरण्याखाली किती बोटं धरली म्हणजे किती, गल्ली, घंटागाडी, शांतम्मा मावशींची हौस आणि पंचाक्षरी सरांचा चारा, सगळं तिनं अशा झोकात सांगितलं की मागच्या रांगेत झोपलेले दोन प्राध्यापक जागे झाले. बाजार बघणाऱ्याला बाजाराच्या काठावर उभं राहताच येत नाही, असं म्हणून तिनं शेवट केला, आणि टाळ्या पडल्या.

मग मुख्य परीक्षक वैजनाथ सर उठले. सावकाश बोलणारे गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, खिशात दोन पेनं. ते म्हणाले, मुलगी धीट आहे, सांगते छान, पण याला संशोधन म्हणायचं का? संशोधकानं तटस्थ राहिलं पाहिजे. वडील गोंधळले म्हणून बाजार तसा होत नाही, शिकलेला माणूस सावधपणे बघेल तर बाहेर राहू शकतो. आणि किमतीवरच्या निबंधात किंमतच नाही, हे तर मसाल्याशिवाय भाजी वाढल्यासारखं आहे. क्ष म्हणजे काय? त्यांनी पेन काढलं आणि समोरच्या कागदाकडे वळले.

शिवकन्याचा कोपर गेल्या वर्षीसारखा थरथरायला लागला. तिला सोमवार दिसला, केमिस्ट्रीचा बाक दिसला, पंचाक्षरी सरांचा थर्मासही दिसला.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा उभे होते. खरं तर त्यांनी काही करायची गरज नव्हती. ते नुसते बसून राहिले असते तर अट जिंकलेच होते. पण ते मधल्या वाटेनं पुढं आले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सरांसमोर हात जोडून उभे राहिले.

"शरणार्थ सर. मी ह्या लेकराचा बाप. क्षची किंमत मला ठावं हाय, पण तोंडानं सांगायची न्हाई. हात आणा."

सभागृह हसलं. वैजनाथ सरही हसले. विद्यार्थ्यांसमोर खेळकरपणा दाखवायला त्यांची ना नव्हती, आणि शिवाय किंमत जाणून घ्यायची इच्छा तर सगळ्यांनाच होती. त्यांनी हात पुढं केला. अप्पांनी वरून उपरणं टाकलं. उपरणं हललं, थांबलं, पुन्हा हललं. सरांच्या भुवया हळूहळू वर गेल्या, चष्म्याच्या वर, मग कपाळावर जिथं जागा होती तिथपर्यंत. एवढी मोठी गुप्त गोष्ट एका अनोळखी माणसानं आपल्याला विश्वासानं सांगितली, याचं त्यांना भलतंच बरं वाटलं असावं. ते सज्जन माणूस होते. त्यांनी आभार मानायला अप्पांचा हात दोन्ही हातांनी घट्ट दाबला.

अप्पांनी उपरणं वर उडवलं. "झाला सौदा," ते म्हणाले. "घोडी बाहेर लिंबाला बांधलीय."

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हात मागं घेतला आणि म्हणाले, "छे, छे. मी फक्त बघायला हात घातला होता."

शिवकन्या अजून माईकपाशीच होती. ती म्हणाली, "सर, अप्पांनीपण बघायलाच घातला होता."

त्यानंतर जो हशा झाला तो पार्किंगपर्यंत गेला असावा, कारण गुलछडी खिंकाळली. तेवढ्यात रस्त्यानं घंटागाडी गेली. ती नांदेडलाही येते, आणि गाणंही तेच लावते. खिडकीपाशी बसलेली मुलं उठून उभी राहिली आणि बाहेर काय चाललंय ते बाकीच्यांना सांगायला लागली. वैजनाथ सर बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होते. हात दाबणं म्हणजे सौदा, असं मानलं तर घोडी त्यांची होती. सौदा नाही म्हणून भांडायचं, तर त्यासाठीही बाजारातच उतरावं लागत होतं, आणि मग त्यांनी इतका वेळ तटस्थपणाबद्दल जे सांगितलं, ते सगळं सांगण्यासारखं राहत नव्हतं. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि स्वतःही हसायला लागले. मग कागदावर आधी लिहिलेलं काहीतरी खोडून नवीन लिहिलं.

शिवकन्याचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर पडद्यावर चित्रं लावणाऱ्या मुलाचा आला, कारण सगळंच एका दिवसात बदलत नाही.

घोडीचंही निभावलं. सरांच्या मेव्हण्याचा हिमायतनगरला बँड होता, आणि घोडीसाठी तो दोन लग्नसराया रडत होता. सरांनी तिथंच फोन लावला. मेव्हणा म्हणाला की ती गाण्यावर आपोआप नाचते ही खोड नसून गुण आहे. सौदा झाला तो अप्पांनी घेतली त्याच किमतीला, ना कमी ना जास्त.

परतीच्या वाटेवर टेम्पो हलका झाला होता, पण अप्पांचा चेहरा जड होता. लेकीचा नंबर आला, घोडी गेली, पार्किंग मोकळं झालं, तरी ते खिडकीतून बाहेरच बघत होते. शिवकन्याला वाटलं, सायन्सचं मनाला लागलं असेल. तिनं हळूच विचारलं. अप्पा म्हणाले, "तसं न्हाई गं. व्यापाऱ्याच्या जातीनं घोडी आणली, आठवडाभर चारली, नाचवली, आणि आली त्याच भावाला इकली. नफा शून्य. माझे वडील असते तर घरात घेतले नसते."

सोमेशमामा गाडी चालवता चालवता हसू दाबत होते. शिवकन्या म्हणाली, "अप्पा, तुमच्याशिवाय माझा नंबर आला नसता."

"ते हाय," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. मग थोड्या वेळानं त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या मध्ये पसरलं. त्याखाली स्वतःचा हात ठेवला.

शिवकन्यानं इकडे तिकडे बघितलं आणि हात आत घातला. अप्पांनी तिची बोटं धरली. आधी काही, मग काही, मग सगळी. अशी बोटं धरून आकडा ऐकण्याची ती तिची पहिलीच वेळ, पण तिला बरोबर कळलं. कळल्यावर तिनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"आईला सांगायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

ती तोंडानं काहीच म्हणाली नाही. तिनं फक्त दुसराही हात उपरण्याखाली घातला आणि अप्पांचा हात दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला.